दिवे लागल्यावर रंग दाखवायचा नाही

आमच्या आज्जाने दुकानात एक नियम घालून दिला होता. दिवे लागले की रंगीत माल दाखवायचा नाही. धोतरजोड्या, पंचे, उपरणी, मांजरपाट असे जे पांढरे असेल ते खुशाल विकावे. पण लुगडे बघायला कोणी आले तर त्याला पान-सुपारी द्यावी, गावाकडच्या पाऊसपाण्याची चौकशी करावी आणि "सकाळी उन्हं वर आल्यावर या" म्हणून सांगावे. दुकान शहापूरच्या खडेबाजारात. बेळगाव इंग्रजी अमलाखाली आणि त्याला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात, अशा काळातली ही गोष्ट. गल्लीगल्लीत माग होते, ओढ्याकाठी रंगाऱ्यांच्या लडी वाळत घातलेल्या असत, आणि तरीही आमच्या दुकानात सायंकाळनंतर रंगीत धागा गाठोड्याबाहेर निघत नसे. दाराशी एक सागवानी स्टूल असे. लुगडे घेऊन गिऱ्हाईक त्या स्टुलापाशी जाई, उन्हात पदर उलगडून बघे आणि मगच भावाची गोष्ट निघे.

लहानपणी मला वाटे, दिवेलागणीला घरातून मीठ देऊ नये, तसलाच हा प्रकार असावा. पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, तीसेक वर्षे शाळेत ते शिकवले, आणि तरीही या नियमाचा अर्थ लागायला मला सेवानिवृत्तीची वाट बघावी लागली.

निमित्त झाले ते पुतण्याचे. यंदा त्याने दुकानाचे नूतनीकरण काढले. छत खाली आले, भिंतीला आरसे लागले, आणि एके दिवशी तो एल.ई.डी. दिव्यांची खोकी घेऊन घरी आला. "काका, तुम्ही फिजिक्सवाले. दिवे तुम्हीच निवडा." त्याला वॅट किती आणि किंमत किती एवढेच विचारायचे होते. मी म्हटले, थांब, आधी तुझ्या पणज्याचा नियम काय होता तो समजून घेऊ. तेव्हा जे वाचले, आठवले आणि करून पाहिले, ते या लेखात मांडतो आहे.

मुळात धाग्याला रंग असतो ही आपली बोलण्याची सोय आहे. साखरेत गोडी असते तसा कापडात लाल रंग बसलेला नसतो. अंगावर पडलेल्या उजेडातला तांबडा भाग लाल धागा परत करतो आणि बाकीचा गिळतो, इतकेच. दिव्याने तांबडे दिलेच नाही तर तो परत काय करणार? पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात हे न्यूटनने लोलकाने दाखवले आणि १७०४ साली ग्रंथरूपाने छापले. पण सगळे पांढरे उजेड सारखे नसतात, ही त्याची पुढची पायरी व्यापाऱ्यांना, रंगाऱ्यांना आणि नटांना आपापल्या अनुभवाने गाठावी लागली.

तेलाची ज्योत, मेणबत्ती, रॉकेलचा कंदील या सगळ्यांत तांबडे-पिवळे भरपूर आणि निळे अगदी थोडे. म्हणून कंदिलात गडद निळे वस्त्र काळे दिसते आणि फिकट पिवळे पांढऱ्यात जमा होते. आता विचार करा, चंद्रकळेचा व्यापार करणाऱ्या माणसाने रात्री काळी म्हणून दिलेली चंद्रकळा सकाळी निळी निघाली तर काय होईल? संक्रांतीच्या आदल्या रात्री असे एकदा जरी झाले असेल, तरी आज्जाच्या नियमाला तेवढे कारण पुरे होते.

हीच अडचण पॅरिसला वेगळ्या थाटात आली. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि युरोपात कृत्रिम रंगांची लाट उसळली. बायकांचे उंची पोशाख मिरवायचे ठिकाण म्हणजे ऑपेरा, आणि तिथला उजेड गॅसच्या उघड्या ज्योतींचा. त्या पिवळट उजेडात हिरवे रेशीम निळ्यापासून वेगळे ओळखू येईना. १८६२च्या सुमारास शेरपँ नावाचा एक रसायनकार एका उडणाऱ्या निळ्या रंगाच्या मागे लागला होता. रंग टिकत नाही म्हणून त्याने छायाचित्रकार मित्राचा सल्ला घेतला. मित्र म्हणाला, आम्ही चित्र पक्के करायला हायपो वापरतो, तू तेच घाल. त्याने घातले, आणि निळे पक्के होण्याऐवजी हिरवे झाले! हा हिरवा गॅसच्या उजेडातही हिरवाच राही. सम्राज्ञी युजेनी त्या रंगाचे रेशीम नेसून ऑपेराला गेली आणि हिरव्याचे नशीब उघडले, असे सांगतात. मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी, की तिथे दिवा बदलायचे कोणाच्या मनात आले नाही. रंगच दिव्याला जुळवून घेतला. आमच्या आज्जाने दोन्ही टाळले आणि गिऱ्हाइकालाच सकाळी बोलावले.

त्याच पॅरिसमध्ये पूर्वी शेव्हरल होऊन गेला. १८२४पासून तो गोबलँच्या सरकारी विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख होता. तिथे तक्रार अशी, की काळा रंग पुरेसा काळा चढत नाही. त्याने तपासले तर रंग चोख होता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. शेजारी काय आहे त्यावर रंग बदलतो, यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. (हा गृहस्थ १०२ वर्षे जगला.) आमच्या गादीवरचे जुने सेल्समन हे न शिकताच जाणत. फिके लुगडे खपवायचे तर ते कशाच्या शेजारी उलगडायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

पुढचा टप्पा गॅसबत्तीचा. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली ज्योतीवर धरायच्या जाळीचे पेटंट घेतले. पहिल्या जाळ्यांचा उजेड हिरवट पडे, माणसे आजारी दिसत, आणि धंदा बुडाला. १८९१ साली त्याने मिश्रण बदलले: थोरियमचा ऑक्साइड ९९ भाग आणि सिरियमचा एक. उजेड पांढरा झाला आणि जाळी जगभर गेली. त्या थोरियमसाठी लागणारी मोनाझाइट वाळू १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनकाराला आपल्याकडे त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. आपल्या लग्नाच्या वरातीतली डोक्यावरची बत्ती आणि नाटकाच्या मंडपातली किटसनची बत्ती ही याच जाळीची संतती. बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटकाचा पाया घातला. त्या रंगभूमीवर पुढे बालगंधर्वांचे शालू झळकले. त्या शालूंची वर्णने आपण भक्तिभावाने वाचतो, पण ते कोणत्या उजेडात पाहिले गेले हे क्वचितच विचारतो. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ सालीच संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळले होते. आपल्या फिरत्या मंडळ्या मात्र बराच काळ बत्तीवरच होत्या. तेव्हाचा शेंदरी आणि आजचा शेंदरी एकच होता, असे मी तरी छातीठोक सांगणार नाही.

तारेचा विजेचा दिवा आला तो ज्योतीचाच थोरला भाऊ. तापलेली तार सगळे रंग देते, मध्ये कुठे खंड पडत नाही. फक्त निळ्याच्या बाजूला हात आखडता. खरी पंचाईत केली ती पाऱ्याच्या वाफेने. अमेरिकेत पीटर कूपर ह्युइटने १९०१च्या सुमारास पाऱ्याचा दिवा बाजारात आणला. उजेड भरपूर आणि खर्च कमी, पण त्यात तांबडे जवळजवळ नाहीच. त्याखाली ओठ काळे-जांभळे आणि चेहरे प्रेतासारखे दिसत. कारखान्यांना आणि छायाचित्रांच्या स्टुडिओंना तो चालला, घरात कोणी घेतला नाही. त्याच सुमारास मूर नावाच्या संशोधकाने कर्बवायू भरलेली लांब काचनळी केली. तिचा उजेड दिवसाच्या जवळ जाणारा होता; ती महाग, अवजड, पण कापड रंगवणाऱ्या कारखान्यांनी रंग जुळवायला ती मुद्दाम लावून घेतली. म्हणजे ज्यांचे पोट रंगावर होते त्यांना उजेड आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाच कळले होते.

१९३८ साली ट्यूबलाइट विक्रीला आली. आत पाऱ्याचीच वाफ, पण काचेला आतून पांढरी पूड. पाऱ्याचा अदृश्य उजेड पूड गिळते आणि दृश्य उजेड देते. युद्धकाळात इंग्लंडमध्ये हॅलोफॉस्फेटची पूड निघाली आणि पुढची तीस-चाळीस वर्षे जगातली बहुतेक ट्यूब तिच्यावर चालली. पूड स्वस्त, उजेड लख्ख, पण गडद तांबड्याच्या बाबतीत कंजूष.

आमच्या दुकानात ट्यूब आली १९७२ साली, आप्पांच्या कारकिर्दीत. आज्जा तेव्हा नव्हता. आप्पा म्हणाले, "आता दिवसासारखा उजेड हाय. नियम कशाला?" खोटे नव्हते ते. दिव्याच्या जाहिरातीतही दिवसाच्या उजेडाचेच नाव होते. लग्नसराईत रात्री नऊपर्यंत दुकान उघडे राहू लागले.

१९७३च्या वैशाखात खानापूरकडचे एक सधन शेतकरी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. शेवटची एसटी गाठायची घाई. बनारसचा डाळिंबी शालू पसंत झाला, आणि त्याला झंपरपीस आप्पांनी आमच्याच रंगाऱ्याकडच्या रेशमातून काढून दिला. शालूवर पीस ठेवला तर शिवण कुठे येईल ते कळू नये इतका एकजीव. मी तिथेच होतो. घडी बांधून दिली आमच्या जुन्या गड्याने. तो आज्जाच्या वेळेपासून दुकानात होता.

लग्न सकाळच्या मुहूर्ताचे. आठ दिवसांनी ते गृहस्थ शालू आणि शिवलेला झंपर पिशवीतून घेऊन दुकानात आले आणि दाराशी स्टुलावर त्यांनी दोन्ही उलगडले. शालू डाळिंबी होता. झंपर विटकरी तपकिरीकडे झुकलेला. "मांडवात चारचौघी हसल्या, आप्पा. पीस बदलून देणारं दुकान न्हवं हे, असं म्हणत होतो आम्ही." आप्पांनी एक शब्द न बोलता सगळे पैसे मोजून दिले. ते घराणे पुन्हा आमच्या पायरीला लागले नाही.

त्या रात्री आप्पांनी गड्याला विचारले. पीस त्यानेच बांधला होता, दुसरे कोण बदलणार? तो म्हणाला, "मालक, देवाशप्पथ, मी पीस बदलल्यालं न्हाई." महिनाअखेरीला त्याचा हिशेब झाला.

आणि मी? मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या काळ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून वर्णपटमापीचे प्रयोग करत होतो. त्या पिवळ्या उजेडात माझ्या जर्नलचे तांबडे पुठ्ठे काळपट दिसे, हे आम्ही मित्रांना गंमत म्हणून दाखवत असू. खोलीत जे कळत होते ते दुकानात सुचले नाही. परीक्षेत लिहायचे ज्ञान आणि घरातला तंटा यांची गाठ घालायची असते, हे कोणी सांगितलेही नव्हते.

झाले होते ते असे. डोळा उजेडाचे सगळे तपशील मोजत नाही. तो तीन ठोक बेरजा घेतो. त्यामुळे दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले धागे एका दिव्याखाली तंतोतंत सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फारकत घेतात. बनारसचा रंग वेगळ्या द्रव्याचा, शहापूरचा वेगळ्या. बनारसचा धागा गडद तांबडे भरपूर परत करत होता, आमचा करत नव्हता. ट्यूबने गडद तांबडे दिलेच नव्हते, म्हणून फरक लपला. मांडवातल्या उन्हाने तो उघडा केला.

मापाचा इतिहासही थोडा सांगायला हवा. १९३१ साली केंब्रिजला प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने रंग आकड्यांत मांडायची रीत ठरवली आणि त्यासाठी कोणता उजेड प्रमाण मानायचा हेही ठरवले. ठरवावेच लागते, कारण ऊनही एक नसते. सकाळचे पिवळे, दुपारचे पांढरे, आणि आमच्या बेळगावच्या आषाढातले निळसर राखाडी. चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात ती तिकडचा उजेड दिवसभर त्यातल्या त्यात स्थिर असतो म्हणून. पुढे ट्यूबचे प्रकार वाढले तेव्हा १९६५ साली याच आयोगाने रंगनिष्ठेचा निर्देशांक काढला, १९७४ साली सुधारला. खोक्यावर सी.आर.आय. म्हणून छापतात तो हाच. आठ ठरावीक नमुने प्रमाण उजेडात कसे दिसतात आणि या दिव्यात कसे, याची तुलना करून सरासरी. पूर्ण जुळले तर १००. जुन्या हॅलोफॉस्फेट ट्यूब साधारण सत्तरीच्या आगेमागे, नंतरच्या तीन पुडींच्या ट्यूब ऐंशीच्या वर, रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे पंचवीसच्या आसपास.

हे सांगताना पुतण्याने मला बरोबर अडवले. "म्हणजे काका, १०० चा दिवा घेतला की संपलं?" संपत नाही. तारेच्या बल्बला १०० मिळतात, मेणबत्तीलाही जवळपास तेवढेच. कारण त्यांची तुलना त्यांच्याच इतक्या पिवळ्या प्रमाण उजेडाशी होते. आज्जाच्या कंदिलाला उत्तम गुण मिळाले असते आणि चंद्रकळा तरी काळीच दिसली असती! म्हणून उजेडाची जात आधी बघायची. ती केल्विनमध्ये छापलेली असते: २७०० म्हणजे बल्बसारखा पिवळा, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. ही जात झाली, निष्ठा नव्हे. ६५०० लिहिलेला दिवा दिवसासारखा दिसतो. रंग दिवसासारखे दाखवतोच असे नाही. आप्पा नेमके इथेच फसले.

दुसरी मेख सरासरीत आहे. ते आठही नमुने सौम्य, विटके रंगांचे आहेत. गडद तांबड्याचा नमुना यादीत नववा, म्हणजे सरासरीच्या बाहेर. ऐंशी गुण मिळवलेल्या दिव्याला नवव्या नमुन्यात शून्याच्या आसपास गुण असू शकतात. आणि आपल्याकडे गडद तांबड्याशिवाय काय आहे? कुंकू, शालू, डाळिंब, तळहात.

एल.ई.डी.ची गोष्ट इथे जुळते. जपानात नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळा एल.ई.डी. केला, १९९६ साली त्यावर पिवळी पूड चढवून पांढरा दिवा बाजारात आला, आणि २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना नोबेल मिळाले. निळे अधिक पिवळे मिळून डोळ्याला पांढरे वाटते. गडद तांबडे मुद्दाम वेगळी पूड घालून आणावे लागते, आणि ते आणले की त्याच विजेत उजेड थोडा कमी मिळतो. २०१५च्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. बल्ब गेले. वीज वाचली, ते उत्तमच झाले. पण उजेड किती हा प्रश्न विचारता विचारता उजेड कसा, हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही. हा प्रश्न शालूंपुरता नाही. माझी नात दोन दिवसांची असताना नर्सबाई तिला उचलून खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि कपाळावर बोट दाबून बघितले. कावीळ दिव्याखाली पटकन ओळखू येत नाही, म्हणाल्या. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने रुग्ण तपासायच्या दिव्यांच्या वर्णपटावर १९६५ सालीच टिपण काढले होते. नर्सबाईंनी ते वाचले नसणार.

असो. तो शालू आणि तो झंपर आमच्या आईने नेसला नाही, विकू दिला नाही. मलमलीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. पन्नासहून अधिक वर्षांनी मी तो काढला. दुकानाच्या पोटमाळ्यावर एक जुनी जाडी ट्यूब होती. चोक बदलल्यावर ती भुणभुणत लागली. खाली शालू, वर झंपर. पुतण्या म्हणाला, "एकच तर रंग आहे." मग त्याने आणलेला ६५०० चा, ऐंशी गुणांचा दिवा लावला. फरक असल्यासारखा वाटला, नसल्यासारखाही. शेवटी तिसऱ्या खोक्यातला लावला: ४००० केल्विन, नव्वदच्या वर गुण, आणि नवव्या नमुन्याचा आकडा वेगळा छापलेला. महाग होता. त्याखाली झंपर विटकरी झाला आणि शालू डाळिंबी राहिला.

पुतण्याने ते दिवे घेतले. स्टूल मात्र मी त्याला दारातून हलवू दिले नाही.

आमचा गडी जाऊन बरीच वर्षे झाली. त्याचा मुलगा वडगावात शिवणकाम करतो. शालू, झंपर आणि तो एक दिवा पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेलो. दिवा लावून दाखवायचा म्हणून होल्डर कुठे आहे विचारले. त्याने माझे बोलणे ऐकून घेतले, मशीन थांबवले, दोन्ही कपडे उचलले आणि काही न बोलता ते घेऊन दाराबाहेर उन्हात गेला.